झाडून काढलेलं दुकान

तुमी बसा हो, मी उभीच बरी, मला बसून बोलताच येत नाय. माझं माहेर लोधिवली, चौकच्या बाजूला, घरात भातशेती, आमी सगळ्या पोरीच, आणि त्यात माझ्या पायाला भिंगरी, आई बोलायची ही पोरगी जेवतानापण मांडी घालून बसल तर शपथ. पनवेलला पार्लरचा कोर्स केला, लग्न होऊन इथं कर्जतच्या दहिवलीत आले, आमचे हे खोपोलीला कंपनीत, शिफ्टची ड्युटी, मग मी घरात एकटी काय भिंती बघू? हा गाळा घेतला भाड्यानं. पयलं एक खुर्ची नि एक आरसा, मग वाफेचा स्टीमर, केस सरळ करायची मशीन, वॅक्सचा हीटर, नवरीच्या मेकअपची मोठी पेटी, असं एकेक करून जमवलं.

आता विम्याचं सांगते. माझे धाकटे दीर, संतोषभावजी, विम्याचे एजंट हायेत. ते मागंच लागले, वयनी, दुकानाचा इन्शुरन्स काढा, चोरी झाली, मशीन जळली, फुटली, तर कंपनी भरून देते. सासूबाई बोलल्या, माणसाचा विमा असतो रं, केसांच्या मशीनचा कसला? आमी हसलो, पण काढला. भावजींनी मशीनचे फोटो काढले नि एवढंच बजावलं, वयनी, काय झालंच तर कुठं हात लावायचा नाय, पयला मला फोन. मी हो हो केलं. हो बोलायला काय जातं?

आणि मंगल. ती बघा, तिकडं टॉवेल घड्या करतेय ती. इथल्याच कोंडाणे गावातली, माझ्याच वयाची, दोन पोरांची आई. आयब्रो करायला तिच्यासारखा हात कर्जतात नाय, खोटं नाय बोलत, बायका आल्या की आधी विचारतात मंगल हाय का, मग मी. मी नवरी सजवायला गावागावात जाते, मग दुकान उघडायचं तिनंच, म्हणून दुसरी चावी तिच्याकडं असायची.

तर त्या दिवशी एक साखरपुड्याची नवरी सकाळीच यायची होती. मी लवकर आले नि बघते तर काय, शटरचा कोयंडा उचकटलेला, कुलूप त्यालाच लोंबतंय, आत सगळा इस्कोट. पेटी नाय, मशीन नाय, स्टीमर नाय, आरसा फुटलेला, लादीभर पावडर. पण काय सांगू तुमाला, माझे हात काय गप रायतात? नवरीला काय काचांत उभी करू? घेतला झाडू. काचा भरल्या, लादी पुसली, कुलूप घंटागाडीत टाकलं, समोर इक्बालभाईंचं वेल्डिंगचं दुकान, त्यांना हाक मारली, त्यांनी वाकडा कोयंडा कापून नवा मारून दिला. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. मंगल आली, तिनं पलीकडच्या पार्लरमधून मशीन मागून आणली, नवरी सजली, गेली, आणि मग मी भावजींना फोन केला.

भावजी आले, दारातच उभे रायले नि कपाळावर हात मारला. वयनी, चोरी कुठं हाय? दुकान तर लक्ष्मीपूजन असल्यासारखं चकाचक!

मग हवालदार आले. त्यांनी शटर वर केलं, खाली केलं, बोलले, फोडल्याची खूण नाय, म्हंजे चावीनं उघडलंय. चावी कोणाकोणाकडं? मी बोलले, माझ्याकडं नि मंगलकडं. खरं तेच सांगितलं हो मी, पण तिचं नाव निघालं नि सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मी किती बोलले, साहेब, उचकटलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, ह्या इक्बालभाईंना विचारा, तर इक्बालभाई गेलेले खालापूरला कुणाच्या बंगल्याचं गेट बसवायला, फोन उचलायलाच तयार नाय. मंगलला नेली नि स्टेशनात बाकावर बसवली. जाताना ती नुसती माझ्याकडं बघत होती.

माझा जीव थाऱ्यावर नाय. स्टेशनात जाते, परत येते, परत जाते. भावजी हळूच बोलले, वयनी, एखादं जुनं कुलूप फोडू, फोटो काढू, क्लेम तरी वाचल. मी अशी खेकसले त्यांच्यावर, तिथं ती बाकावर बसलीय नि तुमाला क्लेम सुचतोय, जळला तुमचा क्लेम! स्कूटी काढली नि सुटले खालापूरला. एकेका बंगल्याशी थांबते, गेट बसवताय का हो, गेट बसवताय का, लोकांना वाटलं बाई खुळी हाय. सापडले शेवटी. इक्बालभाई बोलले, अगं, तो वाकडा कोयंडा माझ्या भंगारात पडलाय, चल, मी येतो. तसेच आले, गेट अर्धं टाकून, देव त्यांचं भलं करो. कोयंड्यावर पहारीचे वण होते, इक्बालभाईंनी जबाब दिला, तेव्हा कुठं मंगलला सोडली.

क्लेम पण झाला हो. कंपनीचा माणूस आला, त्यानं तो कोयंडा बघितला, जबाब घेतला. जुन्या मशीनचे पैसे जुन्या किमतीनंच मिळाले, पण मिळाले. भावजी खूश. चोर काय अजून सापडला नाय.

मंगल कामावर आली परत. मी तिच्या गळ्यात पडून रडले, बोलले, माझ्यामुळं झालं गं. ती बोलली, जाऊ दे ताई, तू काय मुद्दाम केलंस? काम तसंच करते, हात तसाच, बायकांशी हसते. पण संध्याकाळी निघताना आपली पर्स इथं काउंटरवर ठेवते, चेन उघडते आणि सगळं काढून दाखवते मला, डबा, कंगवा, पोरांसाठी घेतलेला बिस्किटचा पुडा. मी बोलते, मंगल, नको ना गं. ती बोलते, असू दे ताई, बघून घे. रोज. शपथ घालून झाली, ओरडून झालं, एकदा मी तोंड फिरवून उभी रायले, तर ती मी वळेपर्यंत तशीच थांबली.

बघा, घड्या संपल्या तिच्या. आता निघल ती. तुमी जरा बायेर थांबता का? तुमच्यासमोर नको.