निलमपासून लपवलेले चोवीस दिवस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, सरपंच माननीय लाडकीताई धोडी, प्रमुख पाहुणे प्राचार्य प्रल्हाद राऊत सर, व्यासपीठावरील मान्यवर, डहाणू-तलासरीहून आलेले पालक, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली निलम दुमाडा, सर्वांना माझा नमस्कार.

निलम परवा शिकायला आयर्लंडला निघते आहे, दुसऱ्यांदा. तिच्या हुशारीविषयी सर बोललेच. मी वसुमती सावे, तिची शाळेतली बाई. निवृत्त झाले तरी उभी राहिले की तासभर बोलायची सवय जात नाही. आज मात्र थोडंच बोलेन.

गेल्या वर्षी, २०१७च्या सप्टेंबरात, ती पहिल्यांदा गेली. दाखले, बँकेची पत्रं, व्हिसाचा फॉर्म, सगळं मीच तिच्यासोबत बसून लावलं होतं. तो व्हिसा एकदाच प्रवेश देणारा होता. मध्येच घरी यायचं तर तिथून निघण्याआधी पुन्हा तिकडे परतीची परवानगी काढावी लागणार होती. हे मी नीट वाचलं होतं, हेच तर दुःख आहे.

दिवाळीनंतर तिचे वडील, हाल्यादादा, आजारी पडले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, असं वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं. निलमची आई काळीताई माझ्याकडे आल्या आणि पोरीला फोन लावून द्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. कळलं तर ती धावत येईल, परत जाता येणार नाही, शिक्षण बुडेल, असं त्यांना समजावलं. तिच्या भावाला, उमेशलाही गप्प राहायला लावलं. शिकलेली बाई सांगते म्हणून त्यांनी ऐकलं. रविवारी निलमचा फोन आला की आम्ही सांगायचो, दादा शेतावर गेलेत.

चोवीस दिवस आम्ही हे केलं.

पंचविसाव्या दिवशी उमेशला राहवलं नाही, त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. निलमनं परवानगीची चौकशी केली, तर तीन आठवडे लागतील असं उत्तर मिळालं. अशीच गेलीस तर परत येण्याची हमी नाही, असं विद्यापीठातल्या लोकांनी बजावलं. तरी ती निघाली. वडिलांनी तिला ओळखलं, हात धरला. सहा दिवस ती त्यांच्या उशाशी होती. सातव्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ती माझ्याकडे आली. चिडेल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी परवानगी काढून आले असते. दादांजवळ जास्त दिवस राहिले असते, आणि परतही गेले असते."



व्हिसाच्या नव्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिकडच्या परीक्षा होऊन गेल्या. ते वर्ष तिनं आपल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवलं, विद्यापीठाला पत्रामागून पत्र लिहून आपली जागा राखली. जुलैत व्हिसा आला. या वेळी पोहोचताच परतीच्या परवानगीची सोय आधी लावायची, असं तिनं ठरवलं आहे. पासपोर्टच्या प्रती आणि विद्यापीठाचा तातडीचा नंबर उमेशकडे दिला आहे.

पालकांनो, मुलांसोबत तुम्ही लोणचं-पापड बांधून देता. पण घरी काही झालं तर पहिल्या दिवशी त्यांना कोण कळवणार, हे ठरवता का? आपण बातमी दडवतो ती मायेनंच, पण त्यात त्यांचा तयारीचा वेळ जातो.

काल मी पाड्यावर जाऊन काळीताईंची माफी मागितली. त्यांनी निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "निलमनं मला फोन लावाय शिकवलाय. आता तुम्हाला विचाराय नाय येणार बाई. मीच सांगीन पोरीला." आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, तसंच करा.

अध्यक्षांनी आणि संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेनं ते पदरात घ्यावं. त्या दिवसांची क्षमा मात्र सभेकडे मागता येत नाही. ती निलम, तुझ्याकडे मागते. आज नाही दिलीस तरी चालेल. सुखरूप जा.