परिस्थिती कुणाची?

दत्ताभाऊ, सुरेखाताई, गावकरी मंडळी, खोल्यांमध्ये राहणाऱ्या माझ्या बहिणींनो, आणि तिकडे दाराशी उभ्या असलेल्या आमच्या कॉलेजच्या मुलींनो. मुलींनो, पुढे या. जागा आहे.

मला बोलायची सवय आहे, निम्मं आयुष्य वर्गात उभं राहून गेलं. तरी आज कागद आणलेला नाही. काल लिहायला बसले आणि आपल्या आक्कांचं नाव, ‘कैलासवासी हौसाबाई’, एवढं लिहून पेन ठेवून दिलं. परवा आळंदीला दहाव्यालाही मी मागेच उभी होते. तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. मी समाजकार्याच्या कॉलेजात शिकवते. एम.एस.डब्ल्यू.च्या मुलींनी आठवड्यातले दोन दिवस वर्गाबाहेर, माणसांत जाऊन शिकायचं असतं. कागदावर त्याला क्षेत्रकार्य म्हणतात, मुली म्हणतात फील्डवर्क. कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या बायका आक्कांच्या खोल्यांत भाड्यानं राहतात. म्हणून मी पहिल्या दोन मुली इथं पाठवल्या.

आक्कांनी विचारलं, “कशाला आलाय गं?” मुली म्हणाल्या, “फील्डवर्कला.” दत्ताभाऊ शिफ्टला निघाले होते, बूट चढवता चढवता म्हणाले, “आई, शेतकामाला आल्यात त्या.” फील्ड म्हणजे शेत, वर्क म्हणजे काम. हसताय ना, दत्ताभाऊ? तुमचं काय चुकलं! आक्कांनी दोघींच्या हातात खुरपी दिली आणि कांद्याच्या वाफ्यात बसवलं.

आठवड्यानं मी बघायला आले. वह्या बांधावर आणि मुली मातीत. मी तडकले. म्हटलं, “आक्का, या मुली शिकायला आल्यात.”

“मंग मी काय खेळवतीय व्हय? बघा तुमच्या पोरींनी काय केलंय. कांदा उपटला आन् लव्हाळा ठिवला!”

खरंच तसं झालं होतं. माझ्या पदवीधर मुलींना गवत आणि पीक ओळखता आलं नव्हतं.

पण त्याच वाफ्यात, सुट्टीच्या दिवशी, खोल्यांतल्या बायकाही येऊन बसायच्या. त्यांच्यात लातूरकडची एक मुलगी होती, दोन बोटांना पट्टी. खोलीत आमच्या मुलींनी फॉर्म भरून घेतला तेव्हा ती म्हणाली, “घरात पडले.” वाफ्यात, मान खाली, हातातलं खुरपं चालू, तेव्हा म्हणाली, “मशीनमध्ये सापडली बोटं. घरात पडले असं सांग म्हणाले, नाहीतर उद्यापासून येऊ नको.” आमची मुलगी वही आणायला उठली. आक्का म्हणाल्या, “वही ऱ्हाऊ दे तिथं. आधी ऐक.”

पुढं त्या बोटांच्या उपचारासाठी आम्ही जे भांडलो, ते त्या वाफ्यातून सुरू झालं. ती आज या सभेत बसली आहे. नाव घेत नाही, तिला आवडायचं नाही.

आता जे सांगायला आले ते सांगते.

आमचा अभ्यासक्रम बदलतो आहे. बदलायलाच हवा होता, मी शिकले तेव्हाचे काही धडे अजून चालू आहेत. नव्या मसुद्यात स्थलांतरित कामगारांवर एक स्वतंत्र विषय आहे. चांगला विषय आहे, मी त्यासाठी भांडले. पण त्याच मसुद्यात, क्षेत्रकार्याच्या नियमांत, एक ओळ आहे. ‘परिस्थितीनुसार क्षेत्रकार्याऐवजी चित्रफितींवर आधारित अभ्यास ग्राह्य धरावा.’ म्हणजे कामगारांवर विषय वाढवायचा आणि कामगारांकडं जाणं सोडून द्यायचं.

ही ओळ कुणी लिहिली? मी लिहिली.

का लिहिली, तेही ऐका. गेल्या वर्षी आमची एक मुलगी इथं येताना चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या शेजारी गाडीवरून पडली. पाय मोडला. जिवानिशी वाचली. तिचे वडील ऑफिसात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “मॅडम, हे घरी बसून शिकता येत नाही का?” तेव्हापासून फील्डवर्कच्या दिवशी शेवटची मुलगी ‘पोहोचले’ असा मेसेज टाकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. जेवणात लक्ष नसतं. मेसेज उशिरा आला की तेवढ्या वेळात काय काय दिसतं, ते सांगत नाही.

आक्का आजारी होत्या तेव्हा भेटायला आले होते. सहज बोलता बोलता ती ओळ वाचून दाखवली. आक्का पडल्या पडल्या म्हणाल्या, “बाई, परिस्थिती कुनाची? पोरींची का आमची?”

आपण म्हणतो ना, अमक्याच्या घरची परिस्थिती नाही. आक्कांनी तोच अर्थ घेतला. माणसांची परिस्थिती बघून पोरी येणार की न येणार, ते ठरणार. मी हसले. म्हटलं, “तसं नाही आक्का, तो कागदावरचा शब्द आहे.”

“मंग ठरवनार कोन?”

“कॉलेज.”

“म्हंजी तुमीच की.”

मी घड्याळाकडं बघितलं. म्हटलं, मोशीची बस चुकेल. आणि उठले. चार दिवसांनी दत्ताभाऊंचा फोन आला.

सोमवारी त्या मसुद्यावर शेवटची बैठक आहे. ती ओळ सगळ्यांना आवडली आहे. कंपन्यांच्या परवानग्या नकोत, पालकांच्या तक्रारी नकोत. मी काढा म्हटलं की म्हणतील, “मॅडम, वाक्य तुमचंच आहे.” एकदा छापली की ती ओळ वर्षानुवर्षं राहील आणि प्रत्येक कॉलेजला आपापली परिस्थिती सापडेल. मी कांदा उपटला आणि लव्हाळा ठेवला.

मी मागणार आहे की ओळ काढा, आणि मुलींना नेण्या-आणण्याची गाडी कॉलेजनं द्यावी असं तिथं लिहा. ऐकतील? माहीत नाही. ऐकलं, आणि उद्या आणखी एक मुलगी त्या रस्त्यावर पडली तर? मंडळी, याचं उत्तर माझ्याकडं नाही. असल्याचं सोंग मी आक्कांसमोर केलं, तुमच्यासमोर करणार नाही.

मघाशी आत येताना सुरेखाताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “बाई, आईंची खुरपी पुसून ठेवल्यात. पोरी कधी येनार?”

आता उभे राहू या. मोबाइल खाली ठेवा. मुलींनो, वह्यासुद्धा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

आक्का, तुम्ही विचारलंत आणि मी घड्याळ बघितलं. आज सांगते. परिस्थिती माझी होती. मी भ्याले होते. अजून भीती गेलेली नाही. सोमवारी तशीच जाईन.