काळा खडक

आभाळ भरून आलं होतं. केप कॉडच्या किनाऱ्यावरच्या दुकानात गळाला लावायच्या जिवंत वाम माशांसाठी रांग होती. सगळ्यांत पुढे दोन म्हातारे उभे होते.

"लाटा उसळल्या की पट्टेरी बास मासा पार काठाशी येतो, वाल्डो. घरी बसवत नाही."

"एर्लंडलाही बसवलं नाही, हॉलिस."

"गेल्या वादळात दिवसभर पूर्वेच्या टोकाला शोधलं त्याला."

"तिकडे जातो म्हणाला होता ना!"

"मासा लागतो ती जागा खरी सांगतं का कुणी? आपण तरी कधी सांगितली?"

"गाडी सापडली पश्चिमेला. तोवर त्याला नेलं होतं लाटांनी."

"बोला हॉलिसकाका, आज कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"काळ्या खडकावर. दीपगृहाच्या डावीकडे."

रांगेत हशा पिकला.

"खरं सांगतोय रे बाबांनो."

"ऐकलंत ना? काळा खडक सोडून कुठेही शोधा म्हाताऱ्याला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.