अळंब्यांचा गोल आणि मधलं घर

नाही, पण मी काय म्हणतो, उगवायचंच होतं तर तिन्ही घरी उगवायला काय झालं होतं? डावीकडे सिस्टरच्या हिरवळीत अळंब्या, उजवीकडे मास्तरांच्या परसात अळंब्या, मधे आमचं घर... आणि माझ्याकडे? एकही नाही. तुम्हाला सांगतो, मला अळंबी आवडते अशातला भाग नाही, लहानपणी आम्ही तिला कुत्र्याची छत्री म्हणायचो आणि लाथेनं उडवायचो, पण दोन्ही बाजूंना काहीतरी घडतंय आणि आपण मधे कोरडे, हे माणसाला लागतं हो. मला जरा जास्तच लागतं. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा, मग मला थोडं जादा दिसलं तर त्यात माझा काय दोष? आमची ही म्हणते, ‘दिसू दे की, पण तुम्हाला भिंतीपलीकडचं दिसतं.’ आता ती भिंतच कमरेएवढी बांधलीय, त्याला मी काय करू?

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्सबाई. रिटायर झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातच आहे. ‘काय होतंय?’ असं विचारलं तरी काहीतरी व्हायला लागतं. आणि मास्तर म्हणजे टेलरमास्तर, ते तोंडातल्या टाचण्या न काढता बोलतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं हा रागावलाय. हे दोघं रोज संध्याकाळी आमच्या मागच्या पायरीवर चहाला. किती वर्षं झाली मोजत नाही मी. सिस्टरना गल्लीतल्या सगळ्यांची दुखणी ठाऊक, मास्तरांना सगळ्यांची मापं, कोण सुटलं, कोण खंगलं, आणि मला सगळ्यांचे नंबर... एका कपात गल्लीची ही बाजू व्हायची, दुसऱ्या कपात ती बाजू. दुसरं काय लागतं हो माणसाला?

तर झालं काय, आठवडाभर पावसानं पिरपिर लावली आणि एका सकाळी सिस्टरच्या हिरवळीत या छत्र्या. त्यासुद्धा कशा, कवायतीला उभ्या केल्यासारख्या, एका बाकदार ओळीत, आणि ओळीच्या आतलं गवत पिवळं पडलेलं. आता ती हिरवळ सिस्टरनी पेशंटसारखी वाढवलेली, वेळेवर पाणी, वेळेवर खत, कुणी पाय ठेवायचा नाही. त्या म्हणाल्या, ‘हे मास्तरांच्या त्या लाकडांच्या ढिगातून आलंय.’ एवढंच म्हणाल्या. मी आपला सहज मास्तरांकडे गेलो, पँटची शिवण उसवली होती, म्हणजे उसवण्याच्या बेतात होती, तर तिथेही तशीच ओळ, बाक फक्त उलटा. मी म्हटलं, मास्तर, सिस्टर म्हणतात तुम्ही घाण साठवता. आता ढीग काय आणि घाण काय, फार फरक आहे का? मास्तर टाचण्यांमधून म्हणाले, ‘त्यांच्या पालापाचोळ्याच्या खड्ड्याला विचारा म्हणावं.’ मी सिस्टरना सांगितलं, मास्तर म्हणतात, आधी स्वतःच्या खड्ड्यात बघा. शब्द होतात हो इकडचे तिकडे. वाटेत आमचं घर पडतं, तिथे माणूस दम खातो, त्यात एखादा शब्द बदलतो.

सिस्टरनी उकळतं पाणी ओतलं, दोन दिवसांनी दुप्पट. मास्तरांनी तुडवल्या, तुडवलेल्यांच्या शेजारी नव्या. दोघांकडे युद्ध पेटलेलं, आणि माझ्याकडे? एकही नाही. मी आपला दोन्हीकडच्या बातम्या पोचवतोय. लावालावी नाही, पोचवापोचवी.

मग एक दिवस मास्तरांनी सिस्टरचा थंडीचा कोट माझ्या हाती परत धाडला. कापलेला, पण न शिवलेला. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, कॉलर वेगळी, सगळं एका पिशवीत. तुम्हाला सांगतो, टेलरनं कापलेलं कापड परत पाठवणं म्हणजे डॉक्टरनं पोट उघडून पेशंटला सांगायचं, आता जा घरी, बाकीचं तिकडे बघून घ्या. सिस्टरनी पिशवीत डोकावलं, ‘ठेवा तिथं’ म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी पायरीवर आल्या नाहीत. सिस्टर येणार नाहीत तर मीही नाही, असं मास्तरांनी नाही म्हटलं, पण आले नाहीत. ही सवयीनं चार कप ओतायची आणि दोन परत किटलीत. मी म्हटलं, अगं, बोलायला कुणी नाही. तर म्हणते, ‘भिंतीशी बोला. तिला कान असतात असं ऐकलंय.’

म्हणजे बघा, मला अळंब्यांचं काही पडलं नव्हतं. मला माझी पायरी भरलेली हवी होती. ती दोघं अशीच फुगून राहिली असती तर मी संध्याकाळी करायचं काय? दुकानात दिवसभर लोक ‘आता दिसतंय, आता नाही दिसत’ एवढंच बोलतात.

आणि अशात सिस्टरनी भाचीला बोलावून घेतलं. ही भाची बुरशीवर शिकते. आपण बुरशी दिसली की फडकं घेतो, ही भिंग घेते. सिस्टर तिला म्हणाल्या, ‘हे मास्तरांकडून आलंय ते मला कागदावर लिहून दे.’ मी तिथे नव्हतो, मी कुंपणाशी झाडांना पाणी घालत होतो. पाऊस चालू होता ही गोष्ट वेगळी. पोरीनं एक अळंबी उपटली, नाकाला लावली, उभी चिरली, उलटी करून खालच्या चुण्या मोजल्यासारख्या पाहिल्या. मी विचारलं, खायची का नाही? ‘ओळख पटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही काका.’ मग टोपी कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली, आणि दुसऱ्या दिवशी वाटी उचलून बघतो, म्हणजे तिनं उचलली, मी बघितली, तर काळ्या कागदावर पांढऱ्या भुकटीची अशी नक्षी, पट्टीनं रेघा आखाव्यात तशी. म्हणे या भुकटीच्या रंगावरून घराणं कळतं. म्हटलं, माणसांना अशी सोय असती तर किती चौकशा वाचल्या असत्या.

मी विचारलं, ही भाजीच ना शेवटी? ‘नाही काका, वनस्पती नाही.’ मग काय प्राणी? ‘प्राणीही नाही. तिसरंच आहे. पण त्यातल्या त्यात नातं प्राण्यांशी जवळचं. स्वतःचं अन्न स्वतः करत नाही, दुसऱ्याचं घेते.’ तर आमची ही आतून म्हणते, ‘आयतं खायचं, जागचं हलायचं नाही आणि वर जवळचं नातं. माझे धाकटे दीर.’ पोरगी हसली आणि मग सुरूच झाली हो. कुणी खोडावर फळीसारखी वाढते, कुणी चेंडूसारखी, बोट लावलं की धूर सोडते, कुणी नुसता लाकडावरचा डाग, तर कुणी जिवंत झाडाच्या मुळाशी देवघेव करते, तू मला साखर दे, मी तुला पाणी आणून देते. आणि या नसत्या तर पडलेलं पान, मेलेलं खोड कुजलंच नसतं, छपरापर्यंत ढीग लागला असता. आणखी एक, यांची घराणी बदलतात म्हणे. पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञ एका घरात धरत आले, आणि आतून तपासलं तर रक्त दुसऱ्याच घरचं. मला ऐकून बरं वाटलं. म्हणजे तिथेही कुणीतरी शेजारपाजारची चौकशी करणारं आहेच.

मग तिनं खुरप्यानं माती हलकेच उचलली. ‘वर दिसतं ते नुसतं फळ. खरं अंग खाली आहे, हे बघा, धागे.’ आणि भिंतीपलीकडून, आमच्या अंगणावरून, मास्तरांचा आवाज आला, ‘कितव्या नंबरचे?’ टाचण्या काढून विचारलं. चहाचा घोट सोडला तर इतक्या वर्षांत मी त्यांचे ओठ मोकळे पहिल्यांदा पाहिले. सिस्टरनी मान वळवली, पण आत नाही गेल्या. म्हटलं, दोघांना बोलतं करायची हीच संधी.

पोरगी म्हणाली, ‘ही ओळ नाहीये मावशी. हा मोठ्या गोलाचा तुकडा आहे. उरलेला कुठेतरी असणार.’ आता मी गप्प बसणं शक्य आहे का? म्हटलं, मास्तरांकडे. ती टुणकन भिंत ओलांडून आमच्या अंगणात, तिथून मास्तरांच्या. ‘अय्या, हाच तो. हा एकच जीव आहे. मधे सुरू झाला आणि सगळीकडे सारखा पसरत गेला, दर वर्षी थोडा थोडा. आतलं खाऊन झालं की पुढे. म्हणून आत काही उगवत नाही, कडेलाच उगवतं.’ सिस्टर म्हणाल्या, ‘ते असू दे, सुरू कुणाकडे झाला ते सांग.’ मास्तर म्हणाले, ‘हो, सांगाच.’ आणि दोघांच्या डोळ्यांत अशी चमक, की आता दुसऱ्याचं माप निघणार.

मास्तरांनी स्वतःचा टेप दिला, खडू दिला. पोरीनं खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ओढल्या, इकडच्या बाकाच्या मधोमध एक काटकोन, तिकडच्या बाकाच्या मधोमध एक, आणि जिथं दोन सुतळ्या भेटतील तिथे मुळारंभ. एका सुतळीचं टोक सिस्टरच्या हातात, दुसरीचं मास्तरांच्या, आणि मी मधे, दोन्ही सुतळ्या वर धरून, कुठे अडकू नयेत म्हणून. इतका उत्साह मला लग्नातही नव्हता. मागे डांबरी गल्ली, तिकडे नाही गेल्या. सुतळ्या आमच्या अंगणात आल्या. मी म्हटलं, ये बाई ये. अंगणात थांबल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघराच्या एका खिडकीतून एक आत, दारातून दुसरी आत, आणि ही भांडी घासत होती तिच्या दोन्ही पायांच्या बरोब्बर मधे एकमेकींना टेकल्या.

ही म्हणाली, ‘आता काय मला चिरून बघणार?’

आठवलं मग सगळ्यांनाच. स्वयंपाकघर मागे वाढवलं तेव्हा तिथे एका मोठ्या झाडाचा बुंधा होता. गवंडी म्हणाला, खणत कशाला बसता, कुजेल आपोआप. वरून फरशी टाकली. आणि त्याची कामगिरी चोख, तो कुजला आपोआप. ‘म्हणजे यानंच कुजवला काका,’ पोरगी टाळी वाजवून म्हणाली, ‘इथे सुरुवात. इथलं संपवलं आणि निघाला बाहेर. केवढा जुना असेल!’ मी विचारलं, मग इथे खाली आता? ‘आता काही नाही.’ म्हणजे सगळ्याचं मूळ माझ्याकडे, आणि माझ्याकडे? एकही नाही.

सिस्टरनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी सिस्टरकडे, आणि मग दोघांनी माझ्याकडे. ‘म्हणजे हे तुमच्याकडून आलं होय?’ दोघं एका सुरात. मला इतका आनंद झाला, म्हटलं बोलले, बोलले. तर सिस्टर मास्तरांना म्हणतात, ‘आणि हे मला सांगत होते, तुम्ही म्हणालात आधी स्वतःच्या खड्ड्यात बघा.’ मास्तर म्हणतात, ‘मी? मी पाचोळ्याच्या खड्ड्याचं म्हटलं. आणि घाण साठवतो असं तुम्ही...’ ‘मी ढीग म्हटलं मास्तर. नुसता ढीग.’ मी हळूच म्हटलं, अहो, मी फक्त पोचवत होतो. ही हात पुसत म्हणाली, ‘ती बुरशी तरी वर्षाला वीतभरच सरकते.’

पोरगी परत गेली. मास्तरांनी कोटाची पिशवी मागून नेली आणि बाह्या जोडल्या. संध्याकाळी चहा झाला, पण सिस्टरच्या पायरीवर. मी आमच्या पायरीवर एकटा, हातात कप, आणि पलीकडून सगळं ऐकू येतंय. सगळं माझ्याबद्दल. ‘याची सवयच आहे’, ‘परवा त्या दूधवाल्याचंही असंच केलं’... आता दूधवाल्याचं नव्हतं हो ते, पेपरवाल्याचं होतं, आणि परवा नाही, मागच्या आठवड्यात. मास्तर म्हणतात, ‘तरी बरं, बायको शहाणी आहे.’ हे मान्य, पण का शहाणी, ते तरी त्यांना ठाऊक आहे का? कितीतरी गोष्टी निसटत होत्या. किती वेळ सोसायचं माणसानं? शेवटी उठलो, भिंत ओलांडली, म्हटलं सरका जरा, आणि बसलो मधे. काय करणार, माझ्याबद्दल त्यांना निम्मंसुद्धा माहीत नव्हतं... शेवटी सांगायला मीच लागलो.