आक्का हाळीच्या वाटेनं बोलली

बसलेल्या थोरामोठ्यांनो, आयाबायांनो, आमच्या बाजारातल्या माणसांनो, जय भीम. कामधंदा सोडून तुम्ही आमच्या दुःखात आलाय. मला भाषण येत न्हाय. पण आज मी बोलणार हाय, कारण काही माणसं जे बोलायल्यात ते ऐकून माझं डोकं तापलंय.

शालनआक्का माझी थोरली जाऊ. राजारामपुरीत रस्त्याकडंला आम्ही दोघी शेजारी शेजारी भाजी घेऊन बसायचो. तिची हाळी तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. "चाकवत घ्या, चाकवत. मेथी घ्या, मेथी." मग तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आन् बोलणं गेलं. समदं कळायचं, पण तोंडातनं शब्द निघायचा न्हाय. पाणी मागता येईना. पोटच्या पोराचं नाव येईना. लोक म्हणले, बाईची बोलती कायमची बंद झाली.

दवाखान्यात स्पीच थेरपीच्या मॅडमनी विचारलं, "या घरी कुठलं गाणं म्हणायच्या?" पोरगा म्हणला, "आई गाणं न्हाय म्हणत. भाजी विकते." मॅडम म्हणल्या, "मग हाळी कशी द्यायच्या?" तिथंच मी ओरडून दाखवलं. माझं अर्धं तोंडातच हुतं, तवर आक्का म्हणली, "चाकवत." एकदम स्वच्छ. नवऱ्याचं नाव न्हाय, पोराचं न्हाय, चाकवत. आम्ही हसलो का रडलो ते आजून मला कळलं न्हाय.

मॅडमनी समजावलं. बोलायची वाट मेंदूच्या डाव्या बाजूला, तिथं हिचं नुकसान झालंय. सुराला उजवी बाजूबी लागते, आन् ती हिची शाबूत हाय. आता मला सांगा, पुराचं पाणी रस्त्यावर आलं म्हणून नदीकाठच्या बावड्याची माणसं घरला जायची थांबत्यात काय? फिरून जात्यात की.

मग रोज डाव्या हातानं मांडीवर ठेका आन् हाळीचा सूर. "पाणी द्या, पाणी." "भाकरी वाढा, भाकरी." गल्ली हसली. एक पावणं तर तोंडावर म्हणलं, "घरात बाजार मांडलाय व्हय?" आक्कानं ठेका धरला आन् त्याच सुरात म्हणली, "घरला जावा, घरला." पावणं चहा न घेताच गेलं. हसा, हसा. तिलाबी लई हसू आलतं. पुढं पुढं सूर कमी झाला आन् शब्द तेवढा राहिला. नातीला नावानं हाक मारली तिनं.

आता दुसरा झटका आला आन् आक्का गेली. मातीच्या दिवशी कुणीतरी म्हणलं, "ओरडून ओरडून डोक्यावर ताण आला, म्हणून गेली." खोटं हाय. डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय. ब्लडप्रेशरनं गेली, हाळीनं न्हाय. "मग एवढं करून मिळालं काय?" असंबी म्हणणारे हाईत. काय मिळालं? शेवटच्या सकाळी ती माझ्याशी भांडली. आमटीत मीठ कमी हाय म्हणली. मुकी बसवली असती तर भांडली असती काय?

त्या खोट्या बोलण्यापायी सदाशिवभाऊंच्या घरच्यांनी त्यांची थेरपी बंद केली. भाऊंची वाचाबी अशीच गेलीय. ते हितं समोर बसल्यात. त्यांच्या पोराला सगळ्यांदेखत माझं सांगणं हाय. बाबा, उद्या त्यांना दवाखान्यात ने. तुला जमणार नसंल तर मी नेणार, आन् मला कोण अडवतंय ते बघणार.

आक्का, तुला जय भीम.

आता उभं राहून थोडा वेळ गप्प राहू. आपण गप्प राहायचं ते आपल्या मर्जीनं. आक्काला ती मर्जी कुणी विचारली नव्हती. त्यानंतर सदाशिवभाऊ बोलणार हाईत. मी मघाशी विचारलं, त्यांनी मान डोलावलीय. उशीर लागंल. मधी कुणी त्यांना शब्द पुरवायचा न्हाय, आन् त्यांचं संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं न्हाय.