तीन मार्कशीटांची सरासरी

…नाही, पण बदल्या माझ्या झाल्या, यात पोरीचा काय गुन्हा, तुम्हीच सांगा? रेल्वेची नोकरी माझी, बी.एस्सी. तिची, पहिलं वर्ष नागपूरले, दुसरं जबलपूरले, तिसरं रायपूरले, अन् आता इथं परत येऊन एम.एस्सी.चा फॉर्म भरून राहिलो तर त्यात एक रकाना, 'तिन्ही वर्षांची सरासरी टक्केवारी'. पंचावन्नच्या खाली गेलं की फॉर्मच घेत नाहीत. बरं, सरासरी कशाची काढाची?

कारण तुम्हाला सांगतो, एक मार्कशीट तीनशेची, दुसरी सहाशेची, तिसरी नऊशेची! आमच्या गोपिकेले एकशेऐंशी, तीनशेतीस अन् साडेचारशे. मी सगळे मार्क जोडले, अठराशेनं भागले… आले त्रेपन्न. पोरगी वर्षभर घरी बसते का काय? गेलो सक्करदऱ्याले वामनरावांकडं, रिटायर हेडमास्तर माणूस. ते चष्मा पुसत म्हणतात, "अहो, साठ टक्के, पंचावन्न अन् पन्नास. तिन्हींची सरासरी पंचावन्न. बसते पोरगी." म्हटलं, गुरुजी, मग माझे त्रेपन्न कुठून आले? तर म्हणतात, "तुमचंही बरोबर आहे." दोन्ही बरोबर? मग सरासरी कशाची काढाची?

चार दिवस आम्ही दोघं तेच भांडून राहिलो, अन् शेवटच्या तारखेले मी, वामनराव, गोपिका, तिघंही विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीपुढं. आतला बाबू वर न पाहता म्हणतो, "परसेंट नही, टोटल जोडो. त्रेपन्न. नाही होत. पुढचा कोण?" वामनराव तर भिंतीलेच टेकले.

तेवढ्यात गोपिकेनं काय केलं, तर रायपूरची मार्कशीट उलटी केली अन् खिडकीतून आत सरकवली. मागं बारीक अक्षरात छापलं होतं, भाषेच्या पेपरांचे मार्क टोटलमध्ये धराचे नाहीत! बाबूनं दोनदा वाचलं, तीनशेचे ते पेपर कापले, तिचे त्यातले नव्वद कापले, पुन्हा भागलं अन् म्हणाला, "अठ्ठावन्न. भरा फी." अन् धाडकन ठप्पा. तुम्हाला सांगतो, इतकं हलकं वाटलं का डोळ्यात पाणीच आलं, भर कचेरीत.

बाहेर चहा पिता पिता म्हटलं, बाई, हे तुले ठाऊक होतं तर घरी काहून नाही सांगितलं वं?

तर म्हणते, "सांगितलं न बाबा, तीनदा. तुम्ही दोघंही म्हणाले, मधात बोलू नको, हिशोब चुकते."