ओव्हनची नानकटाई

दिवाळीच्या तोंडावर बेकरीच्या भट्टीपुढं डब्यांची रांग लागली होती. घरून मळून आणलेल्या नानकटाईच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन स्वप्नाली बाकावर कंटाळून बसली होती. शेजारच्या दोघींचं बोलणं आपसूक कानावर येत होतं.

"गौराक्का, तुमी हितं? पोरानं बेंगलोरवरनं ओव्हन धाडलाय न्हवं?"

"धाडलाय की, आत पंखा फिरतोय त्यो. 'आई, आता बेकरीत ताटकळायचं न्हाय' म्हणला."

"मग?"

"पयला घाणा वरनं करपला, आत कच्चा. दुसरा दगडागत. तूप-साखरेची माती झाली बघ, बाळाबाई."

"त्याला सांगायचं की तसं."

"पयल्या पगारातनं हौसेनं घेतलेला. काय सांगू? गेल्या दिवाळीला हितनंच भाजून न्हेली आन् ओव्हनची म्हणून धाडून दिली."

"आगं बया! कळलं न्हाय त्याला?"

"कुटलं कळतंय? हापिसात वाटली. सगळ्यांनी बोटं चाटली म्हणं."

"बरं झालं की मग."

"काय बरं? गुडघं धरल्यात. सकाळधरनं बसलीया."

"मग औंदा खरं सांगून टाका."

"सांगणारच होते. तवर दारात खोकं आलं."

"कसलं?"

"पयल्यापेक्षा मोठा ओव्हन. 'आई, औंदा दुप्पट कर' म्हणतोय."

रांग पुढं सरकली. गौराक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बाळाबाईंनी त्यांचा दुसरा डबा उचलला.